डिजिटल केलं तरी चित्र तुटतं: सिग्नलची पट्टी भरलेली असताना बिघाड शोधायचा कसा

अ‍ॅनालॉगवरून डिजिटलवर आलेल्या घरांतून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. पहिले काही दिवस चित्र आरशासारखं लख्ख. मग एखाद्या संध्याकाळी पडद्यावर चौकोन-चौकोन येतात, आवाज तुटतो, चेहरे अर्धवट थिजतात आणि शेवटी ‘नो सिग्नल’ उमटतं. दहा-पंधरा मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत. मेन्यू उघडून बघावं तर सिग्नल स्ट्रेंथ नव्वद टक्के. मग माणूस बूस्टर लावतो, अँटेना बदलतो, सेट टॉप बॉक्स नवा आणतो, आणि आठवड्याभरात तेच चौकोन परत हजर.

हे मी माझ्या घरी जवळजवळ चार महिने सोसलं आणि त्यानंतर ओळखीच्या पाच-सहा घरी शोधून दुरुस्त केलं. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. बिघाड परत परत येतो, हीच त्याची खूण आहे. तो केव्हा येतो हे टिपून ठेवलं की कुठे आहे हे कळतं. पट्टी बघून ते कधीच कळत नाही.

हे लिहिलं आहे ते अँटेना लावून थेट प्रक्षेपण मनोऱ्यावरून सिग्नल घेणाऱ्यांसाठी. पण वायर, कनेक्टर आणि स्प्लिटरबद्दल जे आहे ते डिश किंवा केबल असलेल्यांनाही लागू पडेल.

मुंग्या गेल्या, त्यांच्याबरोबर निदानही गेलं

जुन्या टीव्हीत बिघाड डोळ्यांना दिसायचा. सिग्नल कमी पडला की मुंग्या. समोरच्या इमारतीवर आपटून लहर उशिरा आली की प्रत्येक आकृतीच्या उजवीकडे तिची फिकट सावली. दुसऱ्या कुठल्या प्रक्षेपणाची ढवळाढवळ असली की तिरक्या रेषा सरकायच्या. मोटर किंवा मिक्सर सुरू झाला की पांढऱ्या ठिपक्यांचे आडवे पट्टे. सराव झालेला माणूस पडदा बघूनच सांगायचा की वायर ढिली आहे की अँटेना फिरला आहे. चित्र हळूहळू खराब व्हायचं, त्यामुळे सावध व्हायला वेळ मिळायचा.

डिजिटलमध्ये प्रेषण करतानाच चुका दुरुस्त करण्याची सोय आत भरलेली असते. मनोऱ्यावरून डिजिटल टीव्ही पाठवण्याच्या डीव्हीबी-टी पद्धतीत १८८ बाइट्सच्या प्रत्येक पाकिटाला १६ बाइट्स जास्तीचे जोडलेले असतात, आणि त्यांच्या बळावर त्या पाकिटातले ८ बाइट्स चुकले तरी टीव्ही ते जसेच्या तसे परत बांधतो. म्हणून सिग्नल बराच खालावला तरी चित्र शंभर नंबरी दिसत राहतं. नववा बाइट चुकला की मात्र ते पाकीट गेलं. असं बऱ्याच पाकिटांचं झालं की चित्र कोसळतं. नंतरच्या डीव्हीबी-टी२ मध्ये दुरुस्तीची पद्धत याहूनही ताकदीची आहे, त्यामुळे ती जास्त तग धरते, पण कोसळते तेव्हा आणखीच उभी कोसळते.

हा कडा कुठे असतो? अमेरिकेच्या एटीएससी पद्धतीत सिग्नल गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने (डेसिबल हे सिग्नलची ताकद तोलण्याचं एकक) वर असला की चित्र निर्दोष मिळतं. अ‍ॅनालॉगला स्वच्छ चित्रासाठी ४० डेसिबलच्या वर लागायचे. म्हणजे डिजिटलला कमी पुरतं, हे खरं. पण त्या १५ च्या जेमतेम एक डेसिबल खाली घसरलं की काहीच उरत नाही. तुमचं घर कड्यापासून दहा डेसिबल आत उभं आहे की अर्धा डेसिबल, हे चित्राकडे बघून समजत नाही. दोन्हीकडे चित्र सारखंच सुंदर दिसतं. पहिल्या चार दिवसांचं लख्ख चित्र फसवतं ते इथे.

मेन्यूत दोन पट्ट्या असतात, दुसरी बघा

बहुतेक टीव्हीत आणि बॉक्समध्ये सिग्नलच्या पानावर दोन आकडे असतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथ म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीवर एकूण किती ऊर्जा आत येते आहे. त्यात तुमचं चॅनल असतं, बूस्टरची स्वतःची खरखर असते आणि शेजारच्या दिव्याचा गोंगाटही असतो. ही पट्टी यांच्यात फरक करत नाही. क्वालिटीची पट्टी चुकांच्या प्रमाणावरून काढलेली असते. चित्राचं जगणं-मरणं तिच्यावर.

एक सावधगिरी. या पट्ट्यांची मोजपट्टी प्रत्येक कंपनी आपापली ठरवते. एका टीव्हीवरचे ६० आणि दुसऱ्यावरचे ६० यांचा एकमेकांशी संबंध नाही. तुलना फक्त त्याच सेटची, त्याच चॅनलवर, आधी आणि नंतर.

स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी पडलेली असेल, तर सिग्नल कमी नाही, घाण आहे. अशा वेळी बूस्टर लावणं म्हणजे गढूळ पाण्याला जोरदार पंप बसवणं. दोन्ही पट्ट्या खाली असतील तर अँटेना, दिशा किंवा वायर बघा. स्ट्रेंथ कमी पण क्वालिटी भरलेली असेल तर कृपा करून कशालाही हात लावू नका, ते घर उत्तम चाललं आहे.

आठवडाभर वही ठेवा

चित्र तुटलं की चार गोष्टी लिहा: वाजले किती, कोणती चॅनल तुटली, घरात काय चालू होतं, हवा कशी होती. कोणती चॅनल हे फार महत्त्वाचं आहे. डिजिटलमध्ये एका फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनल एकत्र बांधून येतात. त्या गठ्ठ्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. एकाच गठ्ठ्यातली सगळी चॅनल एकदम तुटत असतील आणि बाकीची शाबूत असतील, तर टीव्ही बिघडलेला नाही. त्या एका फ्रिक्वेन्सीला काहीतरी त्रास देत आहे. सगळेच गठ्ठे एकदम जात असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर आहे: वायर, जोड, वीजपुरवठा.

वेळेवरून पुष्कळ उलगडतं. पाऊस पडल्यावर बिघडतं आणि दोन-तीन दिवस ऊन लागलं की सुधारतं, तर जोडात पाणी आहे. वारा सुटला की तुटतं, तर अँटेनाचा क्लॅम्प ढिला आहे किंवा समोर झाड डोलतं आहे. पानं भरलेली आणि ओली असताना यूएचएफची, म्हणजे टीव्हीच्या वरच्या फ्रिक्वेन्सींची, लहर चांगलीच अडवतात, त्यामुळे निष्पर्ण झाडाआडून जे चालतं ते पालवी फुटल्यावर बंद पडू शकतं. दर वीस-पंचवीस मिनिटांनी फक्त एक सेकंद अडकतं, तर फ्रिजचा थर्मोस्टॅट ऐका: ‘टक्’ आणि चित्राचा झटका एकाच क्षणी येतो का? दुपारी तापल्यावर बिघडत असेल तर बूस्टरचा अ‍ॅडॉप्टर हाताला किती गरम लागतो ते बघा.

एक प्रकार तुमच्या हातातला नसतो. हवा स्थिर, आकाश निरभ्र, वायुभार जास्त असा काळ आला की वातावरणाच्या थरांमध्ये बोगदा तयार होतो आणि शेकडो किलोमीटरवरच्या मनोऱ्याचा सिग्नल तुमच्या फ्रिक्वेन्सीवर येऊन आदळतो. हे काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत निवळतं. त्या काळात चॅनल पुन्हा स्कॅन करू नका. स्कॅन केलंत तर टीव्ही त्या दूरच्या मनोऱ्याची चॅनल साठवून बसतो आणि हवा बदलली की सगळी यादी निकामी होते.

माझ्या घरचा दिवा

माझ्याकडे संध्याकाळी सातच्या सुमारास एकच गठ्ठा तुटायचा. तो व्हीएचएफवरचा, म्हणजे टीव्हीच्या खालच्या फ्रिक्वेन्सींवरचा होता. बाकीचे यूएचएफवरचे, ते ठणठणीत. मी पहिल्यांदा बूस्टर आणला. स्ट्रेंथ ७० वरून ९५ वर गेली आणि मला वाटलं जिंकलं. त्याच रात्री आजवर कधी न तुटलेली चॅनलही अडखळू लागली.

मग बूस्टर काढला आणि वही सुरू केली. सहा संध्याकाळी बिघाड पावणेसात ते सव्वासातच्या मध्ये सुरू झाला. सातव्या दिवशी मात्र नऊ वाजता. त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर होतो आणि घरी परतलो तेच नऊला. म्हणजे बिघाड सूर्यास्ताशी बांधलेला नव्हता, आमच्या हातांशी होता. आम्ही संध्याकाळी काय करतो? दिवे लावतो.

क्वालिटीचं पान पडद्यावर उघडं ठेवलं आणि एकेक दिवा बंद करत गेलो. टीव्हीच्या कपाटावरचा, भिंतीला लावलेला एलईडी दिवा बंद केला आणि क्वालिटी २२ वरून ७८ वर उडाली. परत लावला, परत २२. या दिव्यांच्या आत वीज वेगाने चालू-बंद करणारं छोटं सर्किट असतं. ते स्वस्तात, फिल्टर न बसवता केलं असेल तर सगळीकडे खरखर फेकतं. ती खरखर खालच्या फ्रिक्वेन्सींना जास्त लागते, म्हणून व्हीएचएफ पडत होतं आणि यूएचएफ टिकत होतं.

असा दिवा, चार्जर किंवा अ‍ॅडॉप्टर शोधायला मीडियम वेव्हचा बॅटरीवरचा लहान रेडिओ उपयोगी पडतो. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि एकेका वस्तूजवळ न्या. गुन्हेगाराजवळ तो जोरात गुणगुणतो.

पण एक प्रश्न उरला होता. अँटेना छतावर, दिवा खोलीत. खोलीतला गोंगाट आत शिरला कुठून?

कनेक्टर उघडून बघा

दिव्याच्या मागूनच अँटेनाची वायर टीव्हीत येत होती. तिच्या टोकाचा एफ कनेक्टर मी उघडला. मधली तांब्याची तार स्वच्छ होती. तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर चंदेरी फॉइल, त्यावर बारीक तारांची जाळी. ही जाळी कनेक्टरच्या धातूला सगळ्या बाजूंनी घट्ट टेकायला हवी, कारण बाहेरचा गोंगाट अडवते ती तीच. माझ्याकडे ती कापून टाकलेली होती. फक्त एका बाजूला चार-पाच तारा कशाबशा धातूला टेकल्या होत्या. त्यातलाच केसाएवढा एक धागा वळून आत, मधल्या तारेपासून नखभर अंतरावर येऊन थांबला होता. अ‍ॅनालॉगच्या दिवसांत या वायरने फार तर थोड्या मुंग्या दाखवल्या असत्या, आणि त्या आम्ही वर्षानुवर्षं चालवून घेतल्या असणार.

टोक नव्याने करायचं तर असं. बाहेरचं आवरण दीड सेंटिमीटरभर सोला, जाळी न कापता मागे उलटी वळवा, फोम आणि फॉइल कापून मधली तार उघडी करा, एकही धागा तिच्याजवळ राहिला नाही ना हे उजेडात धरून बघा, मगच कनेक्टर चढवा. पांढरा फोम कनेक्टरच्या आतल्या तळाशी बरोबर सपाट यायला हवा आणि मधली तार कडेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर. पिरगाळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा दाबून बसवायचा कॉम्प्रेशन कनेक्टर चांगला. त्याचं हत्यार वेगळं लागतं, पण दहा वर्षं परत बघावं लागत नाही. आणि तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड घरात कुठेही दिसला, तर तो आधी काढा. डिजिटलचे निम्मे आजार तिथेच असतात.

दिवा बदलला, टोक नव्याने केलं. मग मुद्दाम तो जुना दिवा परत लावून पाहिला. क्वालिटी ७४. जाळी नीट बसल्यावर तोच दिवा निरुपद्रवी झाला होता.

छतावरच्या टोकाचीही हीच तपासणी करा. तिथे पाणी शिरलं की जाळी काळी पडते, मधली तार हिरवट होते, आणि पाणी जाळीतून केशाकर्षणाने मीटर-दीड मीटर आत चढतं. वायर कापत जा, आतली जाळी चकचकीत लागेपर्यंत. फार आतपर्यंत काळी असेल तर वायरच बदला. नवीन जोडावर ताणून चिकटणारी रबरी टेप गुंडाळा आणि वायर भिंतीतून आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं. छतावर चढताना विजेच्या तारांपासून लांब राहा आणि धातूचा खांब उभा करताना कधीही एकटे राहू नका.

वायर आरजी-६ जातीची, जाळीवाली वापरा. ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास तिच्यात १०० मीटरला १७-१८ डेसिबल जातात, बारीक आरजी-५९ मध्ये त्याहून बरेच जास्त. जुन्या काळची दोन तारांची चपटी वायर अजून लावलेली असेल तर तिला जाळीच नसते. तिच्यावर वेळ घालवू नका.

बूस्टर केव्हा आणि स्प्लिटर किती

दोन टीव्हींसाठी स्प्लिटर लावला की प्रत्येक वाटेवर साधारण साडेतीन डेसिबल जातात, चार वाटांच्या स्प्लिटरमध्ये सात. तीन डेसिबल म्हणजे निम्मी ताकद. काठावर उभ्या असलेल्या घराला स्प्लिटर एकटाच खाली ढकलतो. म्हणून कुठल्याही तपासाची पहिली पायरी एकच: बूस्टर, स्प्लिटर, भिंतीतला सॉकेट, सगळं बाजूला काढा आणि अँटेनाची वायर थेट एका टीव्हीत घाला. चित्र सुधारलं तर काढलेल्या वस्तू एकेक करून परत जोडा आणि प्रत्येक वेळी क्वालिटी लिहा.

बूस्टर लागतो तो लांब वायरीतला किंवा स्प्लिटरमधला तोटा भरून काढायला. अँटेनापर्यंत जे पोचलंच नाही ते तो निर्माण करू शकत नाही. म्हणून त्याची जागा अँटेनाजवळ, तोटा होण्याआधी. मनोरा जवळ असेल तर बूस्टर स्वतःच गुदमरतो आणि सगळ्या चॅनलची खिचडी करतो. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. टीव्हीच्या टोकाला ४५ ते ६५ डीबीमायक्रोव्होल्ट (मीटरवर सिग्नलची पातळी या एककात दिसते) सिग्नल पुष्कळ झाला. त्याच्या बराच वर गेला तर बूस्टर काढा किंवा सिग्नल कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर लावा.

जुन्या बूस्टरची आणखी एक अडचण आहे. ते ८६२ मेगाहर्ट्झपर्यंतचं सगळं वाढवतात, कारण तिथपर्यंत एके काळी टीव्हीच होता. अ‍ॅनालॉग बंद झाल्यावर मोकळा झालेला वरचा भाग बऱ्याच देशांत मोबाइलला दिला गेला. युरोपात ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात फोरजी आलं, आणि ब्रिटनमध्ये त्यासाठी मोबाइल कंपन्यांच्या खर्चाने घरोघरी फिल्टर पाठवण्याची सोय करावी लागली. जवळ मोबाइलचा मनोरा नवा उभा राहिल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर बूस्टरच्या आधी मोबाइलची फ्रिक्वेन्सी अडवणारा एलटीई फिल्टर लावून बघा. आधीच, नंतर नाही. बूस्टर एकदा गुदमरला की मागून गाळून उपयोग नसतो.

बॉक्सच्या मेन्यूत ‘अँटेना पॉवर’ किंवा ‘५ व्होल्ट’ असा पर्याय असतो. अँटेनात बूस्टर असेल आणि त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसेल तर हा चालू लागतो. साध्या अँटेनाला तो बंद ठेवा, नाहीतर ‘अँटेना शॉर्ट’ असा संदेश येऊ शकतो. बॉक्सचं सॉफ्टवेअर बदललं किंवा फॅक्टरी रीसेट झाला की हा पर्याय आपोआप उलटा होऊ शकतो.

चॅनल यादीतूनच गायब होत असेल

पडद्यावरचा चॅनल नंबर आणि प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी यांचा डिजिटलमध्ये संबंध उरलेला नाही. फ्रिक्वेन्सी बदलली तरी नंबर तोच दिसतो. १२ जून २००९ ला अमेरिकेत पूर्ण शक्तीची अ‍ॅनालॉग केंद्रं बंद झाली. त्या दिवशी फिलाडेल्फियातल्या ६ नंबरच्या केंद्राने आपलं डिजिटल प्रक्षेपण यूएचएफच्या ६४ वरून खाली व्हीएचएफच्या ६ वर आणलं. पडद्यावरचा नंबर आधीही ६ होता, नंतरही ६. पण ज्यांनी ‘डिजिटल’ म्हणून फक्त यूएचएफचा छोटा अँटेना घेतला होता त्यांच्याकडून ते चॅनल निघून गेलं. ‘डिजिटल अँटेना’ नावाची वेगळी वस्तू नसते. अँटेनाला अ‍ॅनालॉग-डिजिटल कळत नाही, फ्रिक्वेन्सीचा पट्टा कळतो. तुमच्या मनोऱ्यावरून व्हीएचएफ येतं की यूएचएफ की दोन्ही, हे बघून घ्या.

यादी गोंधळली असेल तर दोनदा स्कॅन करा. आधी अँटेनाची वायर काढून, म्हणजे जुनी यादी पुसली जाते. मग वायर लावून. दोन मनोऱ्यांच्या मध्ये राहणाऱ्यांचा टीव्ही कधीकधी लांबच्या मनोऱ्याचा कमजोर गठ्ठा आधी सापडला म्हणून तोच धरतो. तिथे स्वयंचलित स्कॅन सोडून हाताने जवळची फ्रिक्वेन्सी भरा.

आवाज येतो आणि चित्र अजिबात नाही, हा सिग्नलचा बिघाड नव्हे. बॉक्सला ती चित्रपद्धत, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याची पद्धत, उलगडता येत नाही. काहीच सापडत नसेल तर प्रक्षेपणाचं प्रमाण (स्टँडर्ड) जुळत नसेल: जुना डीव्हीबी-टी बॉक्स डीव्हीबी-टी२ ओळखत नाही. दूरदर्शनने मनोऱ्यावरच्या डिजिटल प्रक्षेपणासाठी डीव्हीबी-टी२ घेतलं, जपानने आयएसडीबी-टी. जर्मनीने २९ मार्च २०१७ ला मोठ्या शहरांत डीव्हीबी-टी२ सुरू करताना एचईव्हीसी ही नवी चित्रपद्धत घेतली, त्यामुळे नुसतं टी२ लिहिलेले जुने बॉक्सही तिथे चालत नाहीत. खोक्यावरची दोन्ही नावं वाचा, प्रमाणाचंही आणि चित्रपद्धतीचंही.

एवढं करूनही राहिलं तर

तंत्रज्ञ बोलवा, पण मीटर घेऊन येणारा. त्याला दोन ठिकाणचं माप मागा: अँटेनाच्या टोकाला आणि टीव्हीच्या टोकाला. पातळीबरोबर एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे) आणि बीईआर (किती बिट्स चुकतात) हेही लिहून घ्या. डीव्हीबी-टीमध्ये पहिल्या टप्प्याच्या दुरुस्तीनंतर, म्हणजे त्या जास्तीच्या १६ बाइट्सची दुरुस्ती होण्याआधी, दहा हजार बिट्समागे दोन चुका ही सीमा. त्याहून जास्त असेल तर चित्र आज नसलं तुटत, उद्या तुटेल. अँटेनाशी माप चांगलं आणि टीव्हीशी वाईट असेल तर दोष तुमच्या घरात आहे. अँटेनाशीच वाईट असेल तर अँटेना एक-दोन मीटर आडवा किंवा वर-खाली सरकवून परत मोजायला सांगा. परावर्तित लहरींमुळे एवढ्या अंतरातही फरक पडतो. आणि आठवड्याची वही त्याच्या हातात द्या. तो दुपारी येईल, तेव्हा चित्र बहुधा स्वच्छ असेल.